शासकीय सेवेतील नैतिक पेच : छत्रपती संभाजीनगर विभाग

नियम, वरिष्ठांचा आदेश, लोकप्रतिनिधीचा आग्रह आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी यांचा मेळ बसेनासा झाला की शासकीय कर्मचाऱ्यापुढे उभा राहणारा पेच. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे विभागीय आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) आहे. जमीन, टंचाई आणि बदल्या हे या विभागातील पेचांचे नेहमीचे विषय.

लाच हा त्यातला सर्वांत ठळक प्रकार, पण सर्वांत अवघड नव्हे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 नुसार तो सरळ गुन्हा आहे. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ती बळजबरीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल, तर त्याला संरक्षण मिळते.

खरी कसोटी लागते ती तोंडी निरोपाने. ‘साहेबांनी सांगितलंय, करून टाका,’ असा फोन येतो आणि टिपणीवर सही मात्र कनिष्ठाची पडते. चौकशीत सही सापडते, फोन सापडत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 3 प्रमाणे असा आदेश लेखी घ्यावा, ते शक्य नसल्यास नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा. नियम चांगला आहे. लेखी मागणारा मात्र ‘अडेलतट्टू’ म्हणून ओळखला जातो.

दुसरा पेच दिरंगाईचा. वारसाच्या फेरफारावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. हरकत आली नाही तरी ‘त्रुटी’चा शेरा मारून शेतकऱ्याला हेलपाटे घालायला लावता येतात, आणि कागदोपत्री कोणाचेच काही चुकत नाही. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमात फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक थांबू नये, अशी तरतूद आहे. हा कायदा अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यातून आला.

त्याच कायद्यात सर्वसाधारण तीन वर्षांचा कार्यकाळही आहे. मुदतपूर्व बदलीस लेखी कारण लागते. 2013 मध्ये, ऐन दुष्काळात, बीडचे जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, बंद पाळला गेला. पुढे ते याच विभागाचे आयुक्त झाले आणि 2023 मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. नियम स्वतःलाही लावण्याबाबत बीडच्याच आस्तिककुमार पाण्डेय यांचे उदाहरण छोटे, पण बोलके आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये चहा प्लॅस्टिकच्या कपातून दिला गेल्याचे पत्रकाराने दाखवून देताच या जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतःलाच पाच हजारांचा दंड केला. त्यानंतर ते औरंगाबादचे महापालिका आयुक्त झाले.

बदलीविरुद्ध दाद मागण्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे (मॅट) खंडपीठ याच शहरात आहे.