दहा आकडी किल्ली

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांकडे एक ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याचा त्या ई-मेलशी काडीचाही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, एवढंच. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि चेंबूरमधल्या एका कंपनीचं वाय-फायही असंच वापरलं गेलं.

मी तेव्हा वाशी-नेरूळ भागात ब्रॉडबँडची कनेक्शनं लावून द्यायचो. राउटर खोक्यातून निघायचा तोच उघडा. वाय-फायला पासवर्ड नाही, सेटिंगमध्ये शिरायला युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. दिवा हिरवा झाला, ग्राहकाला लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर दिसला, की काम संपलं. सानपाड्याची बातमी आली आणि सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे फोन सुरू झाले. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत फिरू लागले.

लोकांनी कुलपं लावली, पण कुठली? सेटिंगच्या यादीत बहुतेक वेळा पहिलं नाव असायचं डब्ल्यूईपी. त्याच्या छोट्या किल्लीला बरोबर दहा आकडे लागत. ग्राहक म्हणायचे, "अहो, माझा मोबाईल नंबरच टाका ना, लक्षात राहतो." डॉक्टरांचा तो नंबर दवाखान्याच्या पाटीवर रंगवलेला, वकिलांचा लेटरहेडवर छापलेला. घरोघरी हीच पद्धत पडली.

नंबर कुणाला ठाऊक नसता तरी फरक पडला नसता. डब्ल्यूईपीत प्रत्येक पॅकेटसोबत २४ बिटांचा एक आकडा उघड जातो. असे आकडे होतात सुमारे १ कोटी ६७ लाख. वर्दळीच्या नेटवर्कवर ते काही तासांत संपतात आणि पुन्हा तेच वापरले जातात. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवून दिलं की पुरेशी पॅकेटं गोळा केली तर मूळ किल्लीच काढता येते. २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी हे काम मिनिटाच्या आत आणलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीतून साडेचार कोटींहून अधिक कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. चोर शिरले होते एका दुकानाच्या कच्च्या वाय-फायमधून.

म्हणजे सानपाडा घडलं तेव्हा डब्ल्यूईपी मोडून सात वर्षं झाली होती आणि डब्ल्यूपीए२ हे जास्त पक्कं कुलूप येऊन चार. तरीही जुन्या लॅपटॉपांची सोय म्हणून ते कुलूप यादीत तसंच होतं, आणि सावध राहा असं सांगितलं जात होतं ते घरातल्या माणसाला. मला याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. खोकं बनवणाऱ्याला जे ठाऊक होतं, ते नेरूळच्या निवृत्त मास्तरांनी कुठून शोधून काढायचं?

सार्वजनिक वाय-फायची गोष्ट वेगळी. तिथे घडी बसली ती २०१० च्या फायरशीपनंतर. एरिक बटलरच्या या छोट्या प्रोग्रॅमने कॉफी शॉपमध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुक एका क्लिकवर उघडून दाखवलं. मग बड्या साइट्सनी सगळाच व्यवहार एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या पद्धतीवर नेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर फुकट वाय-फाय सुरू झालं, तोवर बाजूच्या प्रवाशाला तुमचा मजकूर वाचणं बरंच अवघड झालं होतं. स्टेशनच्याच नावाचं खोटं नेटवर्क कुणी उभं केलं, तर धोका अजूनही आहे. तिथे ब्राउझरने सर्टिफिकेटचा इशारा दिला की मागे फिरावं.

आता नव्या राउटरच्या तळाशी प्रत्येक यंत्राचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो. जुन्या दवाखान्यांत मात्र एखाद्या प्रिंटरसाठी डब्ल्यूईपी जपून ठेवलेलं अजून सापडतं. तिथे मी प्रिंटरला वायर जोडतो, वाय-फाय डब्ल्यूपीए२ वर आणतो, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलतो आणि मगच ज्या तक्रारीसाठी बोलावलं ती बघायला घेतो.