खांद्याजवळचा अस्थिभंग : शस्त्रक्रिया केव्हा?

न्हाणीघरातील ओल्या फरशीवर पाय घसरतो, तोल सावरण्यासाठी हात पुढे केला जातो आणि दंडाचे हाड खांद्याजवळ मोडते. साठी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये हे वारंवार आढळते. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेली असल्याने साधे पडणेही त्यास पुरेसे ठरते. तरुणांमध्ये मात्र असा अस्थिभंग बहुधा वाहन-अपघातासारख्या जोरदार आघातानेच होतो.

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाचे चार भाग मानले जातात : सांध्यातील गोलाकार डोके, त्यालगतचे मोठा व लहान असे दोन उंचवटे आणि खालचा दांडा. खांदा फिरविणारे स्नायू या उंचवट्यांना जोडलेले असतात. अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९७० साली याच चार भागांवर आधारलेले वर्गीकरण मांडले. एखादा भाग १ सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा अधिक कलला, तर तो विस्थापित समजला जातो.

बहुतेक रुग्णांमध्ये हाडाचे तुकडे फारसे हललेले नसतात. अशा वेळी हात गळ्यात बांधून विश्रांती देणे आणि साधारण एक-दोन आठवड्यांनी हलके व्यायाम सुरू करणे पुरते. हाड मोडण्याबरोबरच सांधा निखळला असेल, डोक्याचीच शकले झाली असतील, जखम उघडी असेल किंवा मोठ्या रक्तवाहिनीस इजा झाली असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा मार्ग धरावा लागतो.

शस्त्रक्रियेत तुकडे जागेवर आणून तारा, हाडाच्या पोकळीतील सळई किंवा पट्टी व स्क्रू यांनी ते स्थिर केले जातात. ‘लॉकिंग प्लेट’मध्ये स्क्रू पट्टीतच घट्ट बसत असल्याने ठिसूळ हाडातही पकड चांगली मिळते. तरीही हाड खचून स्क्रू सांध्यात शिरण्याचा आणि रक्तपुरवठा तुटल्याने डोके निर्जीव होण्याचा धोका उरतोच. डोके वाचविणे अशक्य असल्यास कृत्रिम सांधा बसवितात. वृद्धांसाठी अलीकडे ‘रिव्हर्स’ सांध्याचा वापर वाढला आहे. त्यात गोळा खांद्याच्या फऱ्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसविली जाते. त्यामुळे फिरविणारे स्नायू निकामी झाले, तरी खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलू शकतो.

हाड सरकले म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये विस्थापित अस्थिभंगाच्या २५० रुग्णांवर झालेल्या ‘प्रोफर’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेले आणि केवळ हात गळ्यात बांधलेले रुग्ण यांच्यात दोन वर्षांअंती लक्षणीय फरक आढळला नाही. सांधा निखळण्यासारखी, शस्त्रक्रियेची स्पष्ट निकड असलेली प्रकरणे त्या अभ्यासातून वगळली होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

म्हणूनच क्ष-किरण चित्राइतकेच रुग्णाचे वय, हाडांची प्रत, अन्य व्याधी आणि हाताकडून असलेली अपेक्षा यांना महत्त्व आहे. खांद्याच्या बाहेरील बाजूस बधिरता जाणवल्यास मज्जातंतूला इजा झालेली असू शकते; ती डॉक्टरांच्या तत्काळ निदर्शनास आणावी. उपचार कोणताही असो, नियमित व्यायामावाचून खांदा आखडतो. शिवाय किरकोळ पडण्याने मोडलेले हाड हा ठिसूळपणाचा इशारा असतो. हाडांची घनता वेळीच तपासून घेतल्यास पुढचा, कदाचित खुब्याचा, अस्थिभंग टाळता येऊ शकतो.