कवितेत बोलते कोण?

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वाचनालयाने कोजागरीच्या रात्री कविसंमेलन भरवले होते. वयाचा मान म्हणून अध्यक्षपदाची खुर्ची माझ्या वाट्याला आली. गच्चीवर चांदणे छान पडले होते, कोपऱ्यात दूध आटत होते, आणि केशर-वेलदोड्याच्या वासाने निम्मे श्रोते कवितेपेक्षा पातेल्याकडेच लक्ष ठेवून होते. अशात कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली. तिची कविता दारुड्या बापावर होती. बाप रात्री उशिरा येतो, आई दिवा मालवते, आणि कवितेतली ‘मी’ भिंतीकडे तोंड करून झोपेचे सोंग घेते. पातेल्याकडे वळलेल्या माना परत फिरल्या, एवढी ती कविता चांगली होती.

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांनी मोठ्या कळवळ्याने विचारले, “बाळ, हे तुझ्या घरचंच का गं?”

मुलीने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि ती खाली उतरली. दुसरी कविता वाचायची होती, ती राहिलीच. अशा वेळी दोन शब्द बोलणे हे अध्यक्षाचे काम. मी सूत्रसंचालकाला खुणावले की, पुढचे नाव घ्या.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. कवितेतला ‘मी’ म्हणजे ध्वनिक्षेपकासमोर उभे असलेले माणूस, असे आज आपण सगळेच धरून चालतो. पण मराठीत हे पूर्वापार असे नव्हते, आणि हे मला माहीत असून मी गप्प बसलो, म्हणून हा प्रपंच.

आपल्या संतांच्या अभंगांत शेवटच्या चरणात कवीचे नाव येते. त्याला नाममुद्रा म्हणतात. ती मुद्रा नीट पाहिली की मोठी गंमत दिसते. तुकोबा ‘मी म्हणतो’ असे सांगत नाहीत. ‘तुका म्हणे’ असे सांगतात. जणू तुका नावाचा कोणी दुसराच बाजूला उभा आहे आणि त्याचे बोलणे आपल्या कानावर घातले जात आहे. एकनाथांनी तर आपल्या नावाला गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा केली. त्यात बोलणारा शिष्य किती आणि गुरू किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्ञानदेवांच्या कितीतरी अभंगांत त्यांचे स्वतःचे नाव नाहीच. रखुमादेवीच्या वराचे, म्हणजे विठ्ठलाचे आहे. आणि जनाबाईच्या मुद्रेत तिच्या आधी नामदेव येतो. ती नामयाची जनी, नामयाची दासी.

तुकोबांचा ‘मी’ खोटा होता असे मात्र कोणी समजू नये. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्यांचे घर धुऊन नेले, दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. हे त्यांनी अभंगांत सांगितलेच आहे. पण सांगून झाल्यावर ‘म्हणे’ हे क्रियापद घालून तो अनुभव त्यांनी चावडीवर ठेवला. ज्याला लागेल त्याने उचलावा.

तो उचलणारा पहिला माणूस म्हणजे कीर्तनकार. वारकरी कीर्तन ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती मांडणी ठाऊक आहे. मागे टाळकरी उभे, बाजूला मृदंग, मध्ये नारदाच्या गादीवर बुवा. एक अभंग निरूपणाला घ्यायचा आणि चरणामागून चरण उलगडत न्यायचे. बुवा तास-दोन तास अखंड बोलतात, पण स्वतःच्या पदरचे विधान करायचे झाले की लगेच संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते. प्रमाण चुकले तर मागचा टाळकरीसुद्धा ते पुरे करून देतो. एवढे बोलूनही बुवा एका अर्थाने बोलतच नाहीत, बोलतो तुका. श्रोत्यांत बसलेला कर्जबाजारी शेतकरी मनात म्हणतो, हे माझेच की! पण तो तसे उघड म्हणत नाही आणि त्याला कोणी विचारतही नाही. नाथांच्या भारुडात तर विंचू चावलेला माणूस, जोशी, वेडी असे कितीतरी जण ‘मी’ म्हणून बोलून जातात. विंचू नाथांना खरोखर चावला होता का, अशी चौकशी पैठणात कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

शाहिरांनी हा खेळ आणखी पुढे नेला. लावणीत विरहाने तळमळणारी असते बाई, लिहिणारा असतो फेटेवाला बुवा आणि नाचणारा पुष्कळदा स्त्रीवेषातला पोरगा. होनाजी शिलारखाने हा जातीचा गवळी, कवने रचणारा. बाळा करंजकर हा त्याचा गाता गळा. दोघांच्या कवनांतली मुद्रा ‘होनाजी बाळा’ अशी जोडनावाची आहे. रचणारा आणि म्हणणारा यांनी नावाची अशी बरोबरीने वाटणी केल्याचे उदाहरण मला तरी फार लोभस वाटते.

मग छापखाना आला. केशवसुतांपासून कवीचे नाव कवितेच्या शेवटच्या ओळीतून उठले आणि शीर्षकाखाली जाऊन बसले. ‘म्हणे’ गेले, ‘मी’ राहिला. टोपणनावांचा तेवढा आडपडदा काही काळ टिकला. पण त्यातले एक नाव भर सभेतच मिळालेले आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्र्यंबक बापूजी ठोमरे हा सतरा वर्षांचा पोरगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन घरी गेला. म्हणजे कोवळ्या मुलाची कविता ऐकून अध्यक्षाने काय करावे, याचा धडा आपल्याकडे कोजागरीच्या त्या रात्रीपूर्वी शंभराहून अधिक वर्षे तयार होता.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आणि त्यांचे स्नेही रविवारी चहाला जमत, एकमेकांना कविता ऐकवीत. यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायन गावोगाव नेले. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून या मंडळींची यथेच्छ चेष्टा केली, ती सोडा. पण कवीनेच लोकांसमोर येऊन आपली कविता गाण्याची गोडी या मंडळींनी लावली, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने महाराष्ट्रभर हिंडून सभागृहे भरवली. त्यांना ऐकतच मी वाढलो. आजही बापटांचे पुस्तक उघडले की अक्षरांआधी त्यांचा आवाज येतो. हे भाग्यच, पण त्याचबरोबर ‘मी’ला एक चेहरा कायमचा चिकटला, तोही याच वाटेने.

शाहिरी फडावर मात्र जुनी रीत टिकली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गाजली. बायकोला गावी ठेवून मुंबईला पोट भरायला आलेला गडी त्यात बोलतो, आणि बोलता बोलता ती ताटातूट बेळगाव-कारवारची होऊन जाते. ऐकणाऱ्या गिरणी कामगारांत प्रत्येकाची मैना निराळ्या गावी होती. अण्णाभाऊंची कुठे आहे, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. ती त्या मुलीला सांगायची राहून गेली. आत्याच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले होते आणि आत्या कायमची आमच्याकडे आली होती. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, तीही नाही. पहाटे ती बाजरी दळायला बसे आणि जनाबाईचे अभंग म्हणे. त्यांत एक अभंग होता. देव जनीच्या घरी येतो, जाते ओढतो, आणि निघताना जनी त्याला विचारते की, तू रुक्मिणीला सोडून इथे बसलास, तेव्हा तिकडे ती एकटी काय करीत असेल? हा अभंग आला की ओसरीवर जप करणाऱ्या आजोबांची माळ थांबे. जाते थांबेपर्यंत ती पुढे सरकत नसे.

मोठेपणी मी नामदेवांच्या गाथेतले जनाबाईचे सगळे अभंग तपासले. हा त्यांत नाही. अर्थात जनाबाईच्या नावावर छापलेले सारे अभंग एकाच जनाबाईचे आहेत, असे अभ्यासकही म्हणत नाहीत.

लहानपणी मात्र मी आत्याला एकदा विचारले होते, “आत्या, हा जनीचाच आहे का गं?”

तिने खुंटा धरलेला हात थांबवला नाही. “शेवटी ‘जनी म्हणे’ आहे ना? मग जनीचाच,” ती म्हणाली, “सर जरा पलीकडे, पीठ सांडतंय.”