कुणाला वाटलं होतं?

माझे अब्बा शिंपी होते. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. दुकान कसलं, पायानं चालवायची एक मशीन, एक कात्री आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. १९८७च्या उन्हाळ्यात त्यांना नवी चप्पल चावली. अंगठ्याजवळची ती एवढीशी जखम दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, "चाचा, तुम्हाला साखर आहे. साखर असली की जखम हट्टी होते." पुढे घोट्याच्या वरून पाय काढावा लागला. शिंप्याचा उजवा पाय जाणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. शस्त्रक्रियेतलं मला काय कळणार? पण न भरणारी जखम आणि साखर, ही जोडी तेव्हापासून डोक्यातून गेली नाही. वाचता वाचता एक शल्यविशारद भेटला, ज्यानं आयुष्यात या दोन्ही गोष्टींवर काम केलं. त्याचं नाव वॉल्टर पोरीज. जन्म १९३० सालचा, जर्मनीतल्या म्युनिकचा. लहानपणीच जर्मनी सुटली आणि तो अमेरिकेत वाढला. डॉक्टर झाल्यावर हवाई दलात शल्यविशारद म्हणून त्यानं काम केलं.

पहिली गोष्ट जखमेची. माकडहाडापाशी केस आत शिरून एक नासूर होतो. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांत तो इतका फैलावला होता की लोक त्याला जीपचा आजार म्हणत. तो कापून काढला की मागं मोठा खड्डा उरतो आणि तो भरायला महिने लागतात. जखमेचा अभ्यास करायचा तर याहून बरी जागा नाही, कारण खड्डा मापता येतो. पोरीज आणि सहकाऱ्यांनी अशा वीस तरुण जवानांपैकी दहांना रोज तीन वेळा जस्ताचं औषध, झिंक सल्फेट, पोटातून दिलं आणि दहांना दिलं नाही. औषधवाल्यांच्या जखमा सरासरी सेहेचाळीस दिवसांत भरल्या, बाकीच्यांना ऐंशी दिवस लागले. १९६७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. मग काय, जखम दिसली की जस्त! पण पुढच्या चाचण्यांनी त्या आशेला कात्री लावली. अंगात जस्ताची कमतरता असेल त्यालाच त्याचा खरा उपयोग, बाकीच्यांना फारसा नाही. दावा आटला, पण खोटा ठरला नाही. जखम भरायला जस्त लागतं, हे आज वैद्यकाच्या पुस्तकांत आहे.

दुसरी गोष्ट पोटाची. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी एक ऑपरेशन सुरू केलं. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असे, त्या रोग्यांचं वजन वाढत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. शिंप्याच्या भाषेत सांगतो. जठराच्या वरच्या टोकाशी एक छोटा खिसा शिवायचा आणि लहान आतडं उचलून थेट त्या खिशाला जोडायचं. उरलेलं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. याला गॅस्ट्रिक बायपास म्हणतात.

पोरीज १९७७ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिल गावी नव्या वैद्यकीय महाविद्यालयात आला. तंबाखूचा, गरिबीचा मुलूख. लठ्ठपणा आणि मधुमेह घरोघरी. तिथं हे ऑपरेशन तो करू लागला, वजनासाठी. आणि भलतंच दिसलं. मधुमेही रोग्यांची साखर ऑपरेशननंतर काही दिवसांतच उतरायची, वजन पुरतं उतरायच्या आधीच. इन्शुलिनची सुई बाजूला पडायची. मधुमेह हा स्वादुपिंडाचा आणि आयुष्यभराचा आजार, असं शिकलेल्या माणसानं याचं काय करायचं?

त्यानं मोजत राहायचं ठरवलं. मला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. चौदा वर्षं त्यानं आपल्या रोग्यांचा माग सोडला नाही. १९९५ साली ६०८ रोग्यांचा हिशेब मांडला, त्यात १४६ मधुमेहींपैकी १२१ जणांची साखर नॉर्मल झालेली. लेखाच्या मथळ्याचीच सुरुवात होती, 'कुणाला वाटलं होतं?' शास्त्रीय लेखाला असा मथळा! बहुतेक फिजिशियन मंडळींनी मात्र मान हलवली नाही. त्यांचंही चूक नव्हतं. एकाच गावचे रोगी आणि शेजारी औषधोपचारांवरचा दुसरा गट नाही.

ती तुलना व्हायला २०१२ उजाडलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा आणि इटलीतल्या रोमचा, असे दोन अभ्यास त्या साली प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत ऑपरेशन औषधांपेक्षा सरस ठरलं. पण क्लीव्हलँडच्याच रोग्यांचा पाच वर्षांनंतरचा हिशेब पाहिला, तर बायपासवाल्यांपैकी एकोणतीस टक्केच साखरेच्या कडक मर्यादेत उरले होते. नुसत्या औषधांवरचे पाच टक्के. म्हणजे आजार अनेकांत परत येतो, तरी फरक मोठा आहे. २०१६ साली जगभरच्या पंचेचाळीस संस्थांनी हे ऑपरेशन मधुमेहाच्या उपचारांत धरलं. आतड्यातले संप्रेरक साखरेवर कसा लगाम ठेवतात, या शोधालाही अशा रोग्यांनी मोठा जोर दिला.

पण ऑपरेशन कुणावर करायचं, हे ठरतं उंची-वजनाच्या आकड्यावर आणि तो आकडा गोऱ्या लोकांच्या मापानं शिवलेला. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा निर्देशांक तोच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडचा माणूस बाहेरून सडपातळ आणि आतून मेदानं भरलेला असू शकतो. २०१६च्या शिफारशींत आशियाई लोकांसाठी मर्यादा अडीच अंकांनी खाली आणली आहे.

अब्बांची मापाची वही माझ्याकडे आहे. गिऱ्हाइकांच्या नावांपुढे छाती, कंबर, बाही. एका ईदच्या आधी त्यांनी स्वतःचंही माप लिहून ठेवलंय. कंबर तीस. अडीच अंक खाली आणलेल्या त्या मर्यादेतही ते बसले नसते.