मेडिकलचे विद्यार्थी घरोघरी का जातात? 'फॅमिली अ‍ॅडॉप्शन' म्हणजे काय?

सांगलीचं विश्रामबाग म्हणजे विद्यार्थ्यांचा भाग. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेज इथलीच. शेजारी वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज आहे. तिथून पुढे मिरजेत १९६२ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या परिसरात पांढऱ्या कोटातली मुलं रोज दिसतात. पण हीच मुलं वही आणि बीपीचं मशीन घेऊन एखाद्या गावात घरोघरी फिरताना दिसली, तर तो त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो.

नियम काय आहे?

एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून बदलला. 'एटकॉम' म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग त्यात आला. रुग्णाशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, हे आता शिकवलं जातं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'फॅमिली अ‍ॅडॉप्शन' आणलं. यात प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं 'दत्तक' घ्यायची असतात. त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवायची, तपासणी करायची, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायचं आणि पुढची काही वर्षं त्यांच्याकडे जात राहायचं.

याची गरज काय?

एक उदाहरण घेऊ. मधुमेहाचे दोन रुग्ण आहेत आणि दोघांनाही इन्सुलिन लिहून दिलं आहे. एक विश्रामबागेत फ्लॅटमध्ये राहतो. दुसरी ऊस तोडायला आलेली बाई, फडाजवळच्या कोपीत राहते. तिच्याकडे फ्रीज नाही. जेवणाची वेळ ठरलेली नाही. दवाखान्यात यायचं तर खाडा होतो आणि पैसे कापले जातात. हंगाम संपला की ती गावी परतते.

आजार एकच, चिठ्ठीही एकच, पण परिणाम वेगळा. तिला 'तुम्ही काळजी घेत नाही' असं रागावून काही होत नाही. इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात कसं थंड ठेवायचं आणि गावी गेल्यावर औषध कुठे मिळेल, हे सांगणारा डॉक्टर तिला हवा.

आजारासोबत माणसाचं घर, काम आणि मन बघणं याला 'समग्र आरोग्यसेवा' म्हणतात. ज्याची अडचण जास्त त्याला मदतही जास्त, ही झाली 'आरोग्य समता'. सगळ्यांना सारखंच देणं म्हणजे समता नव्हे.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तिथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. विद्यार्थी त्या गावात मुक्काम करतात आणि नंतरही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कमी शिकलेली बाईसुद्धा डॉक्टरला बरंच शिकवू शकते, हे त्या कामातून दिसलं.

अडचणी कुठे येतात?

पहिली अडचण भाषेची. सांगलीत शिकायला परराज्यातली मुलंही येतात. त्यांना मराठी शिकावी लागते आणि जतच्या पूर्व भागात गेलं तर कन्नडही लागते. दुसरी अडचण कागदाची. फॉर्म भरला, फोटो काढला, काम संपलं, असं झालं तर विद्यार्थी काहीच शिकत नाही आणि कुटुंबाला नुसता त्रास होतो. तिसरी अडचण सर्वांत मोठी. वर्षभर एका जागी न राहणारी कुटुंबं अशा योजनेतून सहज सुटतात. कोपीतली ती बाई कोणाच्याच यादीत नसते.

विद्यार्थी तुमच्या दारी आले तर?

• माहिती द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.
• बीपी, साखर, हिमोग्लोबिन तपासलं तर आकडा विचारून लिहून घ्या.
• ते अजून डॉक्टर झालेले नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून चालू औषध बंद करू नका.
• पुन्हा कधी येणार, हे नक्की विचारा.

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी योजना त्यावरच उभी आहे. एकदा येऊन गेलेल्या विद्यार्थ्याला फक्त आजार दिसतो. तोच चार वेळा आला की औषध का घेतलं जात नाही, तेही त्याला कळू लागतं.