बालपणीची जखम : आधी चळवळ, मग उपचार

गेल्या महिन्यात वस्तीतला अभ्यासवर्ग संपल्यावर एक कार्यकर्ता मागे थांबला. वय ३२, बरी नोकरी, पुणे करारावर तासभर न अडखळता बोलतो. त्या दिवशी मात्र सतरंजीची घडी घालत खाली बघूनच म्हणाला, "ताई, साहेबांनी नुसतं केबिनमध्ये बोलावलं तरी माझे हात गार पडतात. चौथीतले गुरुजी डोळ्यांसमोर येतात." गुरुजींनी वर्गासमोर त्याच्या आडनावावरून काय केलं होतं, ते इथे लिहीत नाही. एका खाजगी समुपदेशकाकडे तो जाऊन आला होता. तिथे सांगण्यात आलं की जुनं विसरा, आता जात कुठे राहिली आहे. आणि आपल्यातल्याच काहींनी सांगितलं की ही पोट भरलेल्यांची थेरं आहेत, चळवळीत झोकून दे, आपोआप बरा होशील.

दोन्ही उत्तरं चूक आहेत असं माझं म्हणणं आहे, आणि ती का चूक आहेत हे या उपचाराच्या इतिहासात दिसतं.

२१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्नातल्या डॉक्टरांच्या सभेत सिग्मंड फ्रॉइडने एक निबंध वाचला. 'हिस्टेरिया' म्हणून हिणवल्या जाणाऱ्या १८ रुग्णांचा आधार घेऊन त्याने सांगितलं की या आजाराच्या मुळाशी लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार आहेत. सभा थंड राहिली. अध्यक्षस्थानी असलेल्या क्राफ्ट-एबिंगने तर याला शास्त्रीय परीकथा म्हणून उडवून लावलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८९७ मध्ये, फ्रॉइडने आपल्या मित्राला पत्र लिहून हा सिद्धान्त मागे घेतला. कारणं त्याने बरीच दिली. त्यातलं एक असं होतं की हे खरं मानलं तर इतक्या साऱ्या बापांना दोषी धरावं लागेल. पुढे रुग्णांच्या अशा कितीतरी आठवणी कल्पनाविलासाच्या खात्यात गेल्या. प्रतिष्ठित घरांचा प्रश्न होता आणि त्या स्त्रियांच्या मागे कोणी उभं नव्हतं.

त्याचाच शिष्य शान्दोर फेरेन्त्सी १९३२ साली विसबाडेनच्या परिषदेत पुन्हा तेच म्हणाला, आणि आणखी एक गोष्ट बोलला. अत्याचार ही पहिली जखम असते. मोठी माणसं 'काही झालंच नाही' म्हणतात, तेव्हा मूल खरं मोडतं. डॉक्टरही तसाच कोरडा, वरच्या पाटावर बसून ऐकू लागला तर जुनीच जखम पुन्हा होते. फ्रॉइडने त्याला हा निबंध छापू नकोस असं सुचवलं होतं. पुढच्या वर्षी फेरेन्त्सी वारला, निबंध इंग्रजीत यायला १९४९ उजाडलं. "आता जात कुठे राहिली आहे?" हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला फेरेन्त्सी आठवतो.

आता हार्लेमला जाऊ. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच न्यूयॉर्कमधली ही काळ्यांची वस्ती आहे. १९४६ साली, म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं त्याच वर्षी, इथे दोन दवाखाने उघडले. एक मॅमी आणि केनेथ क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दाम्पत्याचा, मुलांसाठी. दुसरा लाफार्ग क्लिनिक, चर्चच्या तळघरात, लेखक रिचर्ड राइट आणि डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या पुढाकाराने. फी २५ सेंट, डॉक्टर बिनपगारी. वर्णद्वेषाने होणारी इजा ही खरी इजा आहे असं धरून तिथे बोलणं सुरू व्हायचं. रुग्णाला आधी पुरावा द्यावा लागत नव्हता.

क्लार्क दाम्पत्याचा बाहुल्यांचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवून चांगली कोणती, वाईट कोणती असं विचारलं. बहुतेकांनी गोरी चांगली ठरवली. नंतर विचारलं, तुझ्यासारखी दिसणारी कोणती? तेव्हा काही मुलं रडत खोलीबाहेर पळाली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्कच्या कामाचा दाखला दिला. डेलावेअरच्या खटल्यात वर्थमनेही साक्ष दिली होती. दवाखान्यात ऐकलेलं दुःख कोर्टात पोचलं, ते तिथे लढणारी माणसं होती म्हणून.

१९७० च्या दशकात व्हिएतनामहून परतलेले सैनिक गट करून बसू लागले, स्त्रीवादी चळवळीतल्या बायका दिवाणखान्यात जमून न बोललेलं बोलू लागल्या. या रेट्याशिवाय १९८० साली 'पीटीएसडी' हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं नसतं. ज्युडिथ हर्मन या डॉक्टरबाईंनी १९९२ च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात हेच मांडलं आहे. राजकीय चळवळीचा आधार असतो तोवर आघाताचं शास्त्र पुढे जातं, आधार सुटला की समाज पुन्हा विसरतो.

हर्मन बरं होण्याचे तीन टप्पे सांगतात. पहिला, सुरक्षितता : झोप, दारू, घरातली मारहाण, ज्याच्यासोबत राहतो तो माणूस. हे ताळ्यावर आल्याशिवाय जुनं उकरायचं नाही. दुसरा, घडलेलं आपल्या गतीने, तपशिलासह सांगणं आणि जे हरवलं त्याचा शोक करणं. तिसरा, पुन्हा माणसांत मिसळणं. या तिसऱ्या टप्प्यावर काही जण आपल्या दुःखाचं सार्वजनिक काम करतात. आता ती दोन उत्तरं पुन्हा बघा. 'विसरा' म्हणणारा समुपदेशक दुसरा टप्पाच गाळतो. 'चळवळीत झोकून दे' म्हणणारे आपले सोबती पहिले दोन्ही गाळून थेट तिसरा हातात देतात. मग तिशीतच जळून गेलेले कार्यकर्ते आपण बघतो, आणि त्यांच्या दारूवर कुजबुजतो.

बाबासाहेबांनी दुसरा टप्पा गाळला नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये ते १९०१ चा मसूर ते कोरेगाव प्रवास सांगतात. दुप्पट भाडं देऊनही गाडी मुलांनीच हाकायची होती. सोबत जेवण होतं, पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचं सांगून मागितलं तरी मिळालं नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या मनावर उमटलेला ठसा पुसला नाही, हे ते स्वतः नोंदवतात. बडोद्याचा प्रसंग १८ वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असंही लिहितात. ज्या माणसाला आपण पुतळ्यात ताठ उभं केलं, त्याने आपले अश्रू लिहून ठेवले आहेत. रडणं कमकुवतपणाचं म्हणणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

शास्त्राकडे मात्र अजून बोट दाखवावं लागेल. १९९८ साली फेलिटी आणि आंडा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा गाजलेला अभ्यास छापला. मारहाण, अत्याचार, घरातलं व्यसन यांचे प्रश्न त्यात होते. वंशभेदाचा प्रश्न नव्हता. फिलाडेल्फियातल्या लोकांनी तो नंतर आपल्या सर्वेक्षणात घातला. जातीचा प्रश्न आपणच घालायला हवा. वर्गात कुठे बसवलं, पाणी कोणी वाढलं, स्कॉलरशिपची यादी कशी वाचली?

पण त्याच यादीतले घरातले प्रश्न आपण टाळायचे का? फ्रॉइडला बापांना दोषी धरणं जड गेलं. आपल्यालाही जातं. बाहेर समतेवर बोलणारा बाप घरी पट्टा काढतो, हे सांगणाऱ्या पोरीला 'समाजाची बदनामी करू नको' म्हणणारे आपणच असतो. वस्तीत काम करताना मी हे वाक्य बायकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. फेरेन्त्सीची दुसरी जखम आपणही करतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ उपचार मिळण्याच्या हक्कात जातीवरून भेदभाव चालणार नाही असं स्पष्ट म्हणतं. म्हणून 'जात कुठे राहिली' असं ऐकवलं गेलं तर ते निमूट ऐकून घ्यायचं नाही, लेखी तक्रार करायची, समुपदेशक बदलायचा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तो कार्यकर्ता आता सरकारी रुग्णालयात जातो. पहिल्या खेपेला मी सोबत गेले होते, बाहेर बाकावर बसले. आतल्या बाईंनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला, असं तो बाहेर आल्यावर म्हणाला. गुरुजींचं अजून काढलेलं नाही.