रिकामी अंबारी

पानिपतच्या भूमीवर दोनदा असा प्रसंग आला, की लढाईचे पारडे शस्त्रांइतकेच सैनिकांच्या नजरेनेही फिरवले. ५ नोव्हेंबर १५५६ रोजी हेमूच्या डोळ्यात बाण शिरला. हत्तीवरील सेनापती कोसळलेला दिसताच त्याची विजयाच्या उंबरठ्यावर आलेली फौज उधळली. सैनिकांनी पाहिले तेही खरे होते व ताडले तेही खरे होते.

१४ जानेवारी १७६१ रोजी मात्र निराळे घडले. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर स्वार झाले आणि शत्रूवर तुटून पडले. रिकामी अंबारी पाहून भाऊही पडले असे सैन्याने मानले, असे परंपरागत वृत्तान्त सांगतात. पराभवाची कारणे अनेक होती. फौज उपासमारीने आधीच खचली होती. तथापि त्या घटकेस सैनिकांच्या डोळ्यांनी कसूर केली नव्हती. अंबारी खरोखरच रिकामी होती. चुकला तो तिचा अर्थ.

माणूस कोठे पाहतो आणि त्याच्या मनात काय असते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला प्रश्न विज्ञानाने बऱ्याच अंशी सोडवला आहे. १९०१ साली अमेरिकेत डॉज व क्लाइन ह्या संशोधकांनी डोळ्यावरून परावर्तित होणारा प्रकाशबिंदू छायाचित्रणाच्या काचेवर टिपला व डोळ्यास स्पर्श न करता त्याची हालचाल नोंदवली. आज अनेक यंत्रांत डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकतात. कॅमेऱ्याच्या चित्रातील बाहुलीचा मध्य व तो चकाकता बिंदू ह्यांच्या परस्परस्थानावरून संगणक नजरेची दिशा ठरवतो. हातपाय व वाचा गमावलेला रुग्णही अशा यंत्रासमोर नजरेने एकेक अक्षर निवडून घरच्यांशी बोलू शकतो.

परंतु दुसरा प्रश्न येथेही सुटत नाही. माणूस ज्याकडे पाहतो ते सारेच त्यास हवे असते असे नाही. नजर पडेल ते अक्षर उमटू लागले, तर रुग्णाचे मनोगत बाजूस राहून भलतेच शब्द तयार होतील. ग्रीक कथेतील मिडास राजाने स्पर्श केलेले अन्नही सोने होई. त्यावरून ह्या अडचणीस ‘मिडासचा स्पर्श’ असे नाव पडले आहे. म्हणून पुष्कळ यंत्रे नजर एकाच जागी काही काळ स्थिरावेपर्यंत थांबतात व मगच तिचा कौल स्वीकारतात.

पानिपतावर त्या सैन्यास तेवढे थांबण्यास सवड मिळाली नाही.